इव्हेन्सचा पाऊस, इव्हेन्सचा पक्ष

अॅमस्टरडॅममध्ये एक माणूस रस्त्याने चालता चालता हात पुढे करून पाहतो आणि कोटाची कॉलर वर ओढतो. कालव्याच्या पाण्यावर पहिली वर्तुळे उमटतात. कुणीतरी खिडकी लावून घेते. मग वरून दिसतात त्या छत्र्या, एकीला एक लागून सरकत जाणाऱ्या. ट्रामच्या काचेवरून ओघळणारे थेंब, पन्हळीतून धावणारे पाणी, ओल्या फरसबंदीवर हलणारी माणसांची प्रतिबिंबे. शेवटी पाऊस थांबतो आणि शहर पुन्हा कामाला लागते. १९२९ सालचा 'रेगन' हा मूकपट जेमतेम बारा मिनिटांचा आहे. 'रेगन' म्हणजे पाऊस. योरिस इव्हेन्सने तो मान्नुस फ्रांकेन या मित्राच्या साथीने केला. पाहताना वाटते, एका दुपारची एक सर आहे. प्रत्यक्षात ती काही महिन्यांतल्या कितीतरी पावसांमधून वेचून सांधलेली आहे.

ज्याने हा पाऊस टिपला त्यानेच पुढे संप, धरणे, युद्धे आणि क्रांत्या टिपल्या. नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या या दिग्दर्शकाने साठ वर्षांत पन्नासहून अधिक चित्रपट केले, तेही जवळपास सगळ्या खंडांत. त्याच्याविषयीचा वाद त्याच्या हयातीतच सुरू झाला आणि मृत्यूनंतर तीन दशके उलटली तरी शमलेला नाही. तो कवी होता, साक्षीदार होता, की कम्युनिस्ट पक्षाचा प्रचारक होता? या वादाचा प्रवास कसा झाला आणि आज तो कुठे येऊन ठेपला आहे, हे इथे पाहू.

दुकान, दुर्बिणी आणि पूल

इव्हेन्सचा जन्म १८ नोव्हेंबर १८९८ चा, नेदरलँड्सच्या पूर्व भागातल्या नाईमेखन शहरातला. आजोबा छायाचित्रकार. वडिलांचे कॅमेरे आणि छायाचित्रणाचे साहित्य विकणारे दुकान होते, त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले 'कापी'. तेराव्या वर्षी त्याने घरच्या मंडळींना रेड इंडियन बनवून एक छोटा चित्रपट काढला. तो आजही उपलब्ध आहे. मुलाने धंदा सांभाळावा या हिशेबाने घरच्यांनी त्याला आधी रॉटरडॅमला अर्थशास्त्र आणि मग बर्लिनला छायाचित्रणाचे तंत्र शिकायला पाठवले. ड्रेस्डेन आणि येनाच्या कारखान्यांत त्याने उमेदवारी केली. कॅमेऱ्याच्या पोटात काय असते हे हातांनी शिकलेला हा दिग्दर्शक होता. पुढे बॉम्बवर्षावात, भुयारात, बर्फात तो जे काम करू शकला त्याचे अर्धे मूळ या उमेदवारीत आहे.

१९२७ साली अॅमस्टरडॅममध्ये 'फिल्मलिगा' ही संस्था स्थापन झाली. पुडोव्हकिनच्या 'आई' या सोव्हिएत चित्रपटावरची बंदी हे त्याचे निमित्त होते. बाजारात न मिळणारे चित्रपट सभासदांना दाखवायचे, त्यावर लिहायचे, बोलायचे असे तिचे काम असे. आपल्याकडे फिल्म सोसायटी चालवणाऱ्यांना ही धडपड ओळखीची वाटेल. इव्हेन्स संस्थापकांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी त्याचा 'द ब्रुख', म्हणजे पूल, आला. रॉटरडॅममध्ये रेल्वेचा एक पूल आहे, ज्याचा मधला भाग जहाजे जाऊ देण्यासाठी वर उचलला जाई. किनामो नावाचा हातात मावणारा कॅमेरा घेऊन इव्हेन्स त्या पोलादी सांगाड्यावर चढला आणि चाके, दोर, वजने, थांबलेली गाडी यांचा एक तालबद्ध पट त्याने रचला. 'पूल' आणि 'पाऊस' या दोन लघुपटांनी त्याचे नाव युरोपभर झाले.

सुंदर दिसू नये म्हणून

मग जगात मंदी आली. नेदरलँड्समध्ये समुद्राला बांध घालून जमीन मिळवण्याचे प्रचंड काम चालू होते. बत्तीस किलोमीटर लांबीच्या बांधातले शेवटचे भगदाड २८ मे १९३२ रोजी बुजवण्यात आले. इव्हेन्सने हा क्षण तीन कॅमेऱ्यांनी टिपला आणि प्रत्येकाला एकेक बाजू वाटून दिली: एक समुद्राची, एक जमिनीची, एक माणसांची. 'नवी जमीन' (१९३३) या चित्रपटातला हा भाग पाहताना आजही श्वास रोखला जातो. पण चित्रपट तिथे थांबत नाही. पाण्याखालून वर आलेल्या जमिनीत गहू पिकतो, आणि त्याच वेळी जगाच्या बाजारात भाव टिकवण्यासाठी धान्य नष्ट केले जाते, हे शेवटच्या काही मिनिटांत हान्स आयस्लरच्या संगीतासह अंगावर येते. एवढ्या कष्टाने मिळवलेले पीक कोणासाठी, हा प्रश्न इव्हेन्सने विचारला आणि तो उघडपणे डाव्या बाजूला उभा राहिला.

त्याच सुमारास बेल्जियमच्या बोरिनाज या कोळसाखाणींच्या पट्ट्यात १९३२ चा मोठा संप मोडून पडला होता. खाणकामगारांना घराबाहेर काढले जात होते. आंरी स्टॉर्क या बेल्जियन दिग्दर्शकासोबत इव्हेन्स तिथे गेला. पोलिसांची नजर चुकवून, कामगारांच्याच घरांत राहून दोघांनी चित्रण केले. इथली एक बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका खोपटात टेबलावर मळकी भांडी आणि चिंध्या पडल्या होत्या. खिडकीची रेखीव सावली त्यांच्यावर पडली आणि सगळे देखणे दिसू लागले. दोघांनी त्या सावलीची कड मुद्दाम मोडली. 'पाऊस'च्या कर्त्याने, प्रकाशाचे सौंदर्य ज्याला उपजत कळे त्याने, इथे सौंदर्य अडवले, कारण त्या भांड्यांची घाण घाण म्हणूनच दिसायला हवी होती.

याच चित्रपटात वादाची दुसरी कळ आहे. कार्ल मार्क्सचे चित्र हाती धरून कामगारांनी काढलेला मोर्चा होऊन गेला होता. त्याचे चित्रण हाती नव्हते, म्हणून तो पुन्हा काढायचे ठरले. लोक निघाले, रस्त्याकडेची माणसे मुठी उंचावून सलाम करू लागली आणि बघता बघता खराच मोर्चा झाला. पोलिसांनी येऊन तो पांगवला. घडून गेलेली गोष्ट कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवणे हा खोटेपणा की माहितीपटाचा रास्त मार्ग? अभ्यासक गेली कित्येक दशके या मोर्चाकडे पुन्हा पुन्हा येत राहिले आहेत.

स्पेन, चीन, सिडनी

१९३७ चा 'द स्पॅनिश अर्थ' हा इव्हेन्सचा सर्वांत गाजलेला युद्धपट. हेमिंग्वेने त्याचे निवेदन लिहिले. ते आधी ऑर्सन वेल्सच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले होते, मग हेमिंग्वेचाच आवाज घेतला गेला. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या फ्रँकोच्या सैन्याशी लढणारे माद्रिद ही एक बाजू, आणि माद्रिद-व्हॅलेन्सिया रस्त्यावरचे फुएन्तिदुएन्या हे गाव ही दुसरी. जमीनदारांनी पडीक ठेवलेल्या रानात गावकरी पाटाचे पाणी आणतात, म्हणजे वेढ्यातल्या शहराला अन्न पुरवता येईल. हुलियान नावाच्या तरुण सैनिकाची गोष्ट चित्रपटभर चालवायची असे इव्हेन्सच्या मनात होते. युद्धाच्या धामधुमीत हुलियान पुन्हा सापडलाच नाही, आणि ती गोष्ट तुटक राहिली. जुलै १९३७ मध्ये हा चित्रपट व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्ट यांना दाखवण्यात आला. चित्रपटातून जमलेला पैसा रुग्णवाहिकांसाठी गेला. आक्षेप आहे तो न दाखवलेल्या गोष्टींवर. फ्रँकोविरोधी आघाडीत कम्युनिस्ट आणि इतर डावे गट यांच्यात जीवघेणा संघर्ष चालू होता. होसे रोब्लेस या आपल्या मित्राला प्रजासत्ताकाच्या बाजूच्याच लोकांनी ठार केल्यावर अमेरिकी कादंबरीकार डॉस पॅसॉस हेमिंग्वेपासून दुरावला. चित्रपटात याची सावलीही नाही.

१९३८ साली इव्हेन्स चीनमध्ये होता, सोबत युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा. जपानी आक्रमणाविरुद्धच्या लढ्यावरचा 'द फोर हंड्रेड मिलियन' त्यातून तयार झाला. त्याला कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला जायचे होते, पण कुओमिंतांग सरकारने जाऊ दिले नाही. निघताना त्याने आपला एक कॅमेरा गुपचूप कम्युनिस्टांच्या छायाचित्रकाराच्या, वू यिनशिएन यांच्या, हाती दिला. इव्हेन्स येनानला पोहोचला नाही, त्याचा कॅमेरा पोहोचला. मराठी वाचकाला इथे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवल्यावाचून राहणार नाहीत. काँग्रेसने पाठवलेले त्यांचे भारतीय वैद्यकीय पथक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चीनमध्ये उतरले आणि १९३९ च्या आरंभी येनानला गेले. युद्ध तेच, वाट तीच.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डच सरकारने इव्हेन्सला डच ईस्ट इंडीजचा, म्हणजे इंडोनेशियाचा, फिल्म कमिशनर नेमले. १७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नोंनी स्वातंत्र्य जाहीर केले. डच सरकार वसाहत परत घ्यायला निघाले आहे हे दिसताच इव्हेन्सने नोव्हेंबरमध्ये सिडनीत पत्रकार परिषद घेऊन राजीनामा दिला. तिथल्या गोदी कामगारांनी आणि खलाशांनी इंडोनेशियाकडे शस्त्रे नेणारी डच जहाजे अडवून धरली होती. मॅरियन मिशेल यांनी केलेल्या चित्रणातून 'इंडोनेशिया कॉलिंग' (१९४६) हा छोटा चित्रपट झाला. बंदरातून निघालेल्या जहाजामागे एक मोटारलाँच धावते आणि जहाजावरच्या भारतीय खलाशांना कर्ण्यावरून हाका घातल्या जातात, की हे जहाज नेऊ नका. हे त्यातले सर्वांत जिवंत दृश्य. भारत अजून स्वतंत्र व्हायचा होता, आणि भारतीय खलाशी दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी पगारावर पाणी सोडत होते. ऑस्ट्रेलियन इतिहासकार हेदर गुडॉल यांनी या सहभागाचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. आपल्याकडे मात्र हा अध्याय फारसा कुणाला ठाऊक नाही.

पडद्यामागचा पक्ष

'इंडोनेशिया कॉलिंग'मुळे इव्हेन्स मायदेशात नकोसा झाला. पुढची दहा वर्षे तो मुख्यतः पूर्व युरोपात राहिला आणि तिथल्या सरकारी संस्थांसाठी काम करत राहिला. 'नद्यांचे गीत' (१९५४) मध्ये व्होल्गा, मिसिसिपी, नाईल, अॅमेझॉन, यांगत्सेसोबत आपली गंगाही आहे. संगीत शोस्ताकोविचचे, गीत ब्रेख्टचे, आवाज पॉल रोबसनचा. एवढी माणसे एकत्र येऊनही चित्रपट आज जड वाटतो. या काळातल्या बहुतेक चित्रपटांबद्दल समर्थकही फारसे बोलत नाहीत, आणि मीही इथे थांबत नाही.

पॅरिसला आल्यावर हात पुन्हा मोकळा झाला. झाक प्रेव्हेरच्या शब्दांसह केलेल्या 'सेन नदी पॅरिसला भेटते' या लघुपटाला कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. क्रिस मार्करच्या निवेदनाने सजलेला 'वाल्पाराइसो' आला. मग १९६८ मध्ये 'सतरावी समांतर रेषा'. त्यासाठी तो आणि त्याची सहकारी मार्सेलिन लोरिदाँ व्हिएतनामच्या विन्ह लिन्ह भागात अमेरिकी बॉम्बखाली, गावकऱ्यांसोबत भुयारांत राहिले. तेव्हा तो सत्तरीला आला होता.

१९८५ मध्ये डच संस्कृतिमंत्री ब्रिंकमन यांनी पॅरिसला जाऊन त्याला पुरस्कार दिला आणि इतिहासाने त्याच्या विरोधकांपेक्षा त्यालाच अधिक बरोबर ठरवले अशा अर्थाची कबुली दिली. मायदेशाने छळलेला कलावंत शेवटी न्याय मिळवतो, अशी ही गोष्ट पूर्ण झाली असे वाटले. दहा वर्षांनी ती पुन्हा उघडली. १९९५ मध्ये हान्स स्खोट्स यांचे विस्तृत डच चरित्र आले. कागदपत्रे चाळून स्खोट्स यांनी दाखवले की इव्हेन्सचे पक्षाशी नाते सहानुभूतीपुरते नव्हते. तो तीसच्या दशकापासून शिस्तीने वागणारा पक्षाचा माणूस होता, स्टालिनच्या काळातही डगमगला नाही. 'इंडोनेशिया कॉलिंग'नंतर डच सरकारने इव्हेन्सचा पासपोर्ट हिरावून घेतला, या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या कथेचीही त्यांनी तपासणी केली. अधिकारी मुदत थोडी थोडी वाढवून देत, त्रास देत, हे खरे. पण सांगितली गेली तेवढी ती साधी गोष्ट नव्हती, आणि तिची घडण करण्यात इव्हेन्सचाही हात होता.

तीन वाचने

आज या वादात ढोबळमानाने तीन बाजू दिसतात. पहिली म्हणते, खरा इव्हेन्स कवी आहे. पाणी, वारा, पूल, नदी हे त्याचे विषय. राजकारण म्हणजे मधल्या काळातले दीर्घ वाट चुकणे. ही बाजू 'पाऊस'वरून उडी मारून 'सेन'वर येते. तिचे बळ असे की सामान्य प्रेक्षकालाही ती पटते. तिचा दोष असा की बोरिनाजची मोडलेली सावली तिला समजावून सांगता येत नाही.

दुसरी बाजू स्खोट्स यांच्या वाटेने जाते: माहितीपट सत्याचा दावा करतो, म्हणून करणाऱ्याची बांधिलकी कुणाशी होती हे प्रेक्षकाला माहीत असायला हवे. ज्याने मुक्तीच्या नावाखाली दडपशाहीचे गौरवपट काढले त्याला केवळ सुंदर चित्रचौकटींसाठी माफी का? हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

तिसरी बाजू कॅनेडियन अभ्यासक थॉमस वॉ यांच्या २०१६ च्या मोठ्या ग्रंथात नीट मांडलेली सापडते. वॉ इव्हेन्सला बांधिलकी मानणाऱ्या माहितीपटाच्या परंपरेत ठेवतात. घटना पुन्हा घडवणे, साध्या माणसांना स्वतःचीच भूमिका करायला लावणे ही त्या काळच्या माहितीपटाची सर्वमान्य रीत होती. जड कॅमेरे, ध्वनीची अडचण आणि पोलिसांचा पहारा यांत दुसरा मार्गही नव्हता. वॉ यांच्या मते महत्त्वाचे हे की, कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्या कामगाराला त्या घडवण्यात वाटा मिळतो का.

माझा कल तिसऱ्या बाजूकडे आहे, पण एक भर घालून. 'पाऊस'मध्ये अनेक महिन्यांची एक सर करणारा हात आणि बोरिनाजचा मोर्चा पुन्हा काढणारा हात एकच आहे. पहिल्याला कुणी खोटे म्हणत नाही, कारण पावसाचा कुणी वारस येऊन म्हणत नाही की असे घडले नव्हते. माणसांच्या बाबतीत तसा वारस असतो. म्हणून रचनेचा हक्क मान्य करूनही विचारावे लागते: या रचनेत कोणाला बाहेर ठेवले? स्पेनबाबत हा प्रश्न टोचतो. चीनबाबत तो जास्तच टोचतो.

'युकाँग' आणि वारा

'युकाँगने डोंगर कसे हलवले' हा बारा भागांचा, बारा तासांहून लांब प्रकल्प इव्हेन्स आणि लोरिदाँ यांनी सांस्कृतिक क्रांतीच्या उत्तरार्धात चीनमध्ये चित्रित केला. मार्च १९७६ मध्ये तो पॅरिसमध्ये दाखवला गेला. शांघायमधल्या औषधांच्या दुकानातला भाग घ्या. गिऱ्हाईक येते, लक्षण सांगते, विक्रेता विचारपूस करतो, कर्मचाऱ्यांची बैठक भरते. कॅमेरा घाई करत नाही. शाळेत चेंडू लाथाडल्यावरून झालेल्या भांडणाच्या भागाला फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला. माणसे इतकी ओळखीची वाटतात की पाहणारा विसावतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये माओ गेले, पाठोपाठ सांस्कृतिक क्रांती चालवणारी नेत्यांची 'चौकडी' तुरुंगात गेली आणि त्या दशकातल्या यातना जगासमोर यायला लागल्या. त्या यातना या बारा तासांत नाहीत. समर्थक म्हणतात, रोजच्या जगण्याचा एवढा जवळचा दस्तऐवज दुसरा नाही. टीकाकार म्हणतात, माणसे आणि जागा सरकारच्या संमतीने मिळाल्या होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच एकीने दुसरी खोडता येत नाही.

या पार्श्वभूमीवर शेवटचा चित्रपट 'वाऱ्याची गोष्ट' (१९८८) पाहावा लागतो. लोरिदाँ यात सहदिग्दर्शिका आहेत. दम्याने त्रासलेला, नव्वदीला टेकलेला इव्हेन्स चीनच्या वाळवंटात खुर्ची टाकून वाऱ्याची वाट पाहत बसतो. एक म्हातारी म्हणते, वारा आणते, पण दोन विजेचे पंखे द्या. मग ती वाळूत खूण काढते. प्राचीन मातीच्या सैनिक-पुतळ्यांचे मनासारखे चित्रण करण्याची परवानगी मिळत नाही. इव्हेन्स अधिकाऱ्याशी घासाघीस करतो, ती घासाघीसही चित्रपटात येते, आणि शेवटी नकली पुतळे आणून काम भागवले जाते. 'युकाँग'मध्ये जे पडद्यामागे राहिले ते इथे पडद्यावर आले आहे: परवानगी कोण देते, किती देते, आणि दिली नाही तर काय करायचे. ही कबुली आहे का, यावर मतभेद आहेत. चित्रपटात पश्चात्तापाचा एक शब्द नाही. मला ती कबुलीच वाटते, आणि 'पाऊस'नंतरचे त्याचे सर्वांत मोकळे काम.

काय सुटलेले नाही

कर्तृत्वाचा प्रश्न अजून पुरता हाताळलेला नाही. 'नवी जमीन'पासून 'द फोर हंड्रेड मिलियन'पर्यंतचे संकलन हेलेन व्हान डोंगेन यांचे. 'इंडोनेशिया कॉलिंग'चा कॅमेरा मॅरियन मिशेल यांचा. आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या लोरिदाँ यांच्यावाचून व्हिएतनाम आणि चीनचे चित्रपट झालेच नसते. 'इव्हेन्सची शैली' म्हणून आपण जे ओळखतो त्यात या तिघींचा वाटा किती, हे सांगणारा अभ्यास अजून व्हायचा आहे. पूर्व युरोपातली वर्षे सगळ्याच बाजूंनी घाईने ओलांडली जातात, मीही तेच केले. आणि मूळ प्रश्न, चूक ठरलेल्या विश्वासातून चांगला चित्रपट निघू शकतो का, याचे उत्तर ज्याला त्याला एकेक चित्रपट पाहूनच द्यावे लागेल.

४ जून १९८९ ला तिआनआनमेन चौकात रणगाडे आले. २८ जूनला इव्हेन्स पॅरिसमध्ये वारला.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना एक विनंती आहे. शांतारामबापूंचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आपण दाखवतोच. एखाद्या संध्याकाळी त्याच्या आधी 'द फोर हंड्रेड मिलियन' लावा, आणि त्याआधी, अगदी सुरुवातीला, बारा मिनिटांचा 'पाऊस'.